चेहरा शेवटी पाहा: आधुनिक चित्रातल्या माणसाचा भाव आणि अर्थ कसा लावावा

आधुनिक चित्रातली एखादी मानवाकृती पाहताना मन खट्टू होतं, कधी अस्वस्थ होतं. पण चेहऱ्याकडे पाहावं तर तिथे रडू नाही, हसू नाही, काहीच धड रंगवलेलं नाही. मग हा भाव येतो कुठून? आणि चित्राचा अर्थ विचारला की दहा जण दहा गोष्टी सांगतात, त्यातलं खरं कोणतं धरायचं? पाहणाऱ्यांची अडचण थोडक्यात ही असते.

हे मुळात दोन प्रश्न आहेत आणि त्यांचा क्रम चुकला की दोन्ही अडतात. भाव आधी, अर्थ नंतर. बरेच जण चित्रासमोर उभं राहिल्याबरोबर शेजारची पाटी वाचतात. तिच्यात चित्रकाराच्या आयुष्यातलं एखादं दुःख सापडतं आणि मग ते दुःख चित्रात शोधायला लागतात. शोधलं की सापडतंच. भाव मात्र कॅनव्हासवर बांधलेला असतो, तो बोट ठेवून दाखवता येतो. अर्थ हा त्यावर उभा केलेला दावा असतो आणि दाव्याला पुरावा लागतो.

भावाबद्दल बोलताना पहिली गडबड सरमिसळीची होते. एका चित्राच्या बाबतीत तीन मनःस्थिती असतात: चित्रातल्या व्यक्तीची, चित्राच्या एकूण वातावरणाची आणि पाहणाऱ्याची. त्या जुळतातच असं नाही. फ्रेंच चित्रकार मातीसचं ‘टोपी घातलेली स्त्री’ (१९०५) घ्या. बाई ऐटीत बसली आहे, मान वळवून आपल्याकडे पाहते आहे. तिच्याभोवती आणि तिच्या चेहऱ्यावरही रंगांनी धिंगाणा घातला आहे. आणि त्या वर्षी पॅरिसच्या ‘सलों दोतोन’ प्रदर्शनात ते पाहणारे अनेक लोक चिडले होते. व्यक्ती शांत, चित्र उसळलेलं, प्रेक्षक संतापलेला. ‘या चित्रात अस्वस्थता आहे’ असं लिहिण्याआधी ती तिघांपैकी कुणाची, हे ठरवा. वहीत तीन रकाने केले तर निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

आता प्रत्यक्ष पाहणं. पाटी वाचू नका, किमान दहा मिनिटं तरी. आधी चित्राच्या कर्णाच्या साधारण दुप्पट अंतरावर उभे राहा, म्हणजे सगळी रचना एका नजरेत येईल. मग हातभर अंतरापर्यंत जा आणि फक्त रंगाचे थर पाहा. स्क्रीनवर पाहत असाल तर आधी चित्राचं माप शोधा. मातीसचं ‘हिरवी रेघ’ साधारण ४० बाय ३२ सेंटिमीटरचं आहे, पिकासोचं ‘आव्हिन्योच्या तरुणी’ २४४ बाय २३४ सेंटिमीटरचं. मोबाइलवर दोन्ही तळहाताएवढी दिसतात. पहिल्या चित्रातल्या बाईशी आपण जवळून, समोरासमोर भेटतो. दुसऱ्यातल्या पाच जणी आपल्या अंगावर येतात. भिंतीवर कागदी चिकटपट्टीने खऱ्या मापाची चौकट आखून पाहिलं तर हा फरक लगेच कळतो.

पहिला तपास शरीराचा. आकृतीची बैठक स्वतः घेऊन पाहा. वजन कुठे पडतंय, कुठला स्नायू ताणला जातोय, या स्थितीत किती वेळ बसता येईल? पिकासोच्या ‘म्हातारा गिटारवाला’ (१९०३–०४) या चित्रातली मान तशी वाकवून पाहा, थोड्याच वेळात ती अवघडते. आकृती मांडी घालून, खांदे दुमडून चौकटीत कोंबलेली आहे. उभी राहिली तर डोकं चौकटीबाहेर जाईल. चित्रातली व्यथा आधी या अवघडलेपणात आहे, निळ्या रंगाकडे नंतर वळायचं. अमृता शेरगिल यांच्या ‘तीन मुली’ (१९३५) मध्येही हेच करून पाहण्यासारखं आहे. तिघी अगदी लागून बसलेल्या, पण कुणाची नजर कुणाला भेटत नाही, आपल्यालाही नाही. हातांना काही काम दिलेलं नाही. पार्श्वभूमी जवळजवळ रिकामी, त्यामुळे ही कोणती खोली, कुठली वेळ, काही कळत नाही. चेहऱ्यांवर दुःखाचा अभिनय कुठेच नाही. थांबलेली शरीरं आणि नसलेली जागा मिळून ते वाट पाहणं तयार झालं आहे.

दुसरा तपास टोनचा, म्हणजे रंग किती गडद किंवा उजळ आहे याचा. डोळे बारीक करा, इतके की चेहऱ्यातले तपशील पुसले जातील आणि गडद-मध्यम-उजळ असे तीनच ठोकळे उरतील. फोटो असेल तर तो कृष्णधवल करा. आता विचारा, सगळ्यात तीव्र गडद-उजळ गाठ कुठे पडते? नजर आधी तिथेच जाते. ती गाठ चेहऱ्यावर नसेल तर चित्रकाराने तुमचं लक्ष मुद्दाम दुसरीकडे वळवलं आहे, आणि का वळवलं हा कामाचा प्रश्न आहे. इथेच कडाही तपासा. आकृतीची बाह्यरेषा कुठे करकरीत आहे आणि कुठे पार्श्वभूमीत विरघळते? सगळीकडे करकरीत असेल तर माणूस जागेपासून तुटलेला वाटतो. विरघळत असेल तर जागा त्याला गिळते किंवा सामावून घेते. यातलं काय, ते बाकीचं चित्र सांगतं. एकट्या कडेवरून निष्कर्ष काढू नका.

तिसरा तपास जागेचा. मला विचाराल तर आधुनिक चित्रात भावाचं सर्वाधिक काम जागा करते आणि तिच्याकडेच सर्वात कमी पाहिलं जातं. जमीन किती कललेली आहे, माणूस चौकटीच्या मध्यापासून किती सरकवलाय, काय कापलंय, कुठे मोकळं सोडलंय. फ्रेंच चित्रकार एदगार दगा याच्या ‘अ‍ॅब्सिंत’ (१८७५–७६; हे एका कडक मद्याचं नाव) या चित्रात टेबलांना पायच नाहीत. संगमरवरी फळ्या हवेत तरंगतात, माणसं उजव्या बाजूला ढकललेली आहेत आणि आपल्यासमोर रिकाम्या टेबलांची नागमोडी वाट आहे. बाईची नजर शून्यात आहे हे खरं, पण टेबलांना पाय दिले असते आणि तिला मध्यभागी आणलं असतं तर तीच नजर नुसती दमलेली वाटली असती. नॉर्वेजियन चित्रकार मुंकच्या ‘किंकाळी’त (१८९३) आकाश, पाणी आणि आकृती वळणावळणाची आहे, तर पुलाचा कठडा आणि मागची दोन माणसं सरळ. त्या माणसांवर बोट ठेवून चित्र पाहा. भीती निम्म्याने उतरते, कारण वळणाला विरोध करणारं काही उरत नाही.

एक चित्र सविस्तर घेऊ. अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपरचं ‘ऑटोमॅट’, १९२७, तैलरंग, साधारण ७१ बाय ९१ सेंटिमीटर. एका उपाहारगृहात एकटी बाई गोल टेबलाशी बसली आहे. अंगात हिरवा कोट, कॉलर आणि बाह्यांना फर, डोक्यावर कपाळ झाकणारी टोपी. एका हातावर हातमोजा आहे, दुसरा हात उघडा, त्यात कप. समोर छोटी रिकामी बशी. टेबलाच्या अलीकडे रिकामी खुर्ची. मागे मोठी खिडकी, बाहेर पूर्ण अंधार, आणि त्या काळ्या काचेत छतावरच्या दिव्यांच्या दोन ओळी लांबवर गेलेल्या दिसतात. खिडकीच्या कट्ट्यावर रंगीत फळांचं भांडं.

आता तपास लावा. शरीर: ताण कुठेच नाही, खांदे सैल, नजर कपात. या बैठकीत तास काढता येईल, म्हणजे हे आक्रोशाचं चित्र नव्हे. टोन: टेबलाचा पांढरा पृष्ठभाग आणि टेबलाखालचे तिचे पाय उजळ आहेत, तर चेहऱ्याचा वरचा भाग टोपीच्या सावलीत गेला आहे. जे झाकायचं तिथे उजेड पडलाय आणि जे वाचायचं ते अंधारात आहे. अवघडलेपण इथून येतं. जागा: चित्राचा वरचा मोठा भाग काळ्या काचेने अडवला आहे. काचेत दिवे दिसतात, पण रस्ता नाही, माणूस नाही, त्या बाईचं स्वतःचं प्रतिबिंबही नाही. वास्तवाच्या हिशेबाने काहीतरी दिसायला हवं होतं. हॉपरने ते गाळलं, आणि चित्रातलं एकटेपण या गाळण्यात आहे. रंग: सगळ्यात तेजस्वी रंग फळांकडे आहेत, तेही तिच्या पाठीमागे, तिला न दिसणारे.

एवढं झाल्यावर मग चित्राचं नाव वाचा. ऑटोमॅट म्हणजे नाणं टाकून कप्प्यातून खाणं घेण्याचं ठिकाण, जिथे वेटर नसतो. हॉपरने ती यंत्रं कुठेच दाखवलेली नाहीत. नाव कळल्यावर एक गोष्ट वाढते: या बाईला इथे कुणाशी बोलायची गरजच पडलेली नाही. बघा, भाव आधीच लागला होता, नावाने फक्त त्याला कारण जोडलं. ज्या चित्रात नाव काढून घेतल्यावर भावही निघून जातो, तिथे चित्र कमी आणि मथळा जास्त बोलत असतो.

रंगाबद्दल सगळ्यात जास्त चुका होतात. निळा म्हणजे उदास, लाल म्हणजे राग, हिरवा म्हणजे मत्सर, असले कोष्टक डोक्यातून काढून टाका. रंगाचा परिणाम शेजाऱ्यावर ठरतो. ‘म्हातारा गिटारवाला’मध्ये त्वचा, कपडे, भिंत, जमीन सगळं निळसर आहे, माणूस आणि भिंत यांत रंगाने भेदच केलेला नाही. एक गिटार तेवढी तपकिरी. निळ्याला दुःख चिकटतं ते या एका उबदार वस्तूमुळे. मातीसच्या ‘हिरवी रेघ’मध्ये कपाळापासून नाकावरून उतरणारा हिरवा पट्टा पाहून ‘बाई आजारी आहे’ किंवा ‘मत्सरी आहे’ असं लिहिलेलं आढळतं. पट्ट्याचं काम वेगळं आहे: चेहऱ्याच्या उजेडाच्या आणि सावलीच्या बाजूंमधली सीमा तो दाखवतो. एक बाजू पिवळट, दुसरी गुलाबी. गुलाबी बाजू हिरव्या पार्श्वभूमीला लागून आहे, त्यामुळे ती पुढे येते. जुन्या व्यक्तिचित्रात जे काम तपकिरी सावलीने केलं असतं ते इथे रंगाच्या विरोधाने केलं आहे. भाव शोधायचा तर भुवयांच्या सरळपणात आणि मानेच्या ताठपणात शोधा.

जाता जाता एक धोक्याची सूचना. आज दिसतो तो रंग चित्रकाराने लावलेलाच असेल असं नाही. मातीसच्या ‘जीवनाचा आनंद’ (१९०५–०६) मधला ‘कॅडमियम पिवळा’ हा रंग काही भागांत फिकट हस्तिदंती, तर काही भागांत तपकिरी झाला आहे. मुंकच्या ‘किंकाळी’च्या एका आवृत्तीतही कॅडमियम पिवळा असाच बिघडलाय. फिकट पडलेल्या पिवळ्यावरून ‘विझत चाललेली आशा’ वगैरे लिहिण्याआधी संग्रहालयाची जतनविषयक टिपणं पाहावीत. स्क्रीनवरच्या रंगावर तर अजिबात विसंबू नये. एकाच चित्राचे तीन फोटो शेजारी ठेवले की तीन वेगळे रंग दिसतात. टोनचे संबंध त्या मानाने टिकतात, रंगाची नेमकी छटा टिकत नाही.

रंगलेपनाकडे हातभर अंतरावरून पाहायचं म्हटलं ते याचसाठी: फटकारा लांब आहे की तुटक, रंग पातळ की जाड, कुठे खरवडलाय, कुठे कोरा कॅनव्हास सोडलाय. फटकारे जोरकस दिसले म्हणून चित्रकार रागावलेला होता असं होत नाही. जोरकस दिसणारा फटकारा सावकाश, विचारपूर्वकही मारता येतो. चेहरा आणि बाकी चित्र यांतला फरक मात्र बोलका असतो. चेहरा गुळगुळीत आणि अंग खरबरीत, किंवा उलट, असं असेल तर ते नोंदवा. कोऱ्या जागेला ‘अपुरं’ म्हणण्याआधी सही झाली आहे का, चित्रकाराने ते प्रदर्शनात मांडलं होतं का, हे पाहा.

आणि आता चेहरा. तो शेवटी ठेवला कारण तो आधी पाहिला की बाकी काही दिसत नाही. इटालियन चित्रकार मोदिल्यानीच्या अनेक आकृतींना बुबुळं नाहीत, डोळे बदामी आकाराचे आणि सपाट रंगाने भरलेले. ‘आत्मा हरवलेली माणसं’ हा त्याचा ठरीव अर्थ पुस्तकी आहे. चित्रासमोर उभं राहून पाहा: नजर अडकायला जागा मिळत नाही म्हणून ती मानेच्या लांब रेषेवरून खाली घसरते आणि चेहरा शिल्पासारखा वाटतो. मोदिल्यानी चित्रांकडे पूर्णपणे वळण्याआधी दगडातली डोकी घडवत होता, हे इथे उपयोगी पडतं.

आता अर्थ. इथपर्यंत आलेली टिपणं समोर ठेवून एका वाक्यात दावा लिहा आणि त्याला तीन कसोट्या लावा. दाव्यातला प्रत्येक शब्द कॅनव्हासवर कुठे दिसतो? चित्रातला सर्वात ठळक भाग दाव्यात आला का? आणि हाच दावा त्याच चित्रकाराच्या इतर दहा चित्रांना जसाच्या तसा लागू पडतो का? तिसऱ्या कसोटीवर चरित्रातून आणलेले अर्थ हमखास पडतात. मित्र कासाजेमासच्या १९०१ मधल्या आत्महत्येमुळे पिकासो निळ्याकडे वळला, असं सांगतात. मान्य करा, पण त्याने १९०१ ते १९०४ ची सगळीच निळी चित्रं सारखीच समजतात. म्हणजे समोरच्या एका चित्राबद्दल, त्यातल्या त्या तपकिरी गिटारीबद्दल, काहीच कळलं नाही.

जर्मन चित्रकार किर्शनरचं ‘सैनिकाच्या वेषातलं आत्मचित्र’ (१९१५) या तिन्ही कसोट्यांसाठी चांगलं आहे. गणवेशातला चित्रकार, ओठात सिगारेट, डोळे रिकामे, उजवा हात मनगटापाशी तुटलेला आणि तो तुटका भाग पुढे धरलेला. मागे नग्न स्त्री. किर्शनरचा हात प्रत्यक्षात शाबूत होता. पहिल्या महायुद्धात तो तोफखान्यात भरती झाला, मनाने खचला आणि त्याला सोडून देण्यात आलं. त्या सुमाराचं हे चित्र. म्हणजे तुटका हात ही बातमी नाही, ती भीती आहे: ज्या हाताने रंगवायचं तोच गेला तर? मागची नग्न स्त्री ही चित्रकाराची नेहमीची मॉडेल म्हणून घेतली तर हा अर्थ आणखी घट्ट होतो, कारण तो तिच्याकडे पाठ करून उभा आहे. नाझींनी हे चित्र जप्त करून १९३७ च्या म्युनिकमधल्या ‘अधःपतित कला’ प्रदर्शनात ‘सैनिक आणि वेश्या’ अशा नावाने लावलं. कॅनव्हासवर एक रेघही बदलली नाही. पण या दुसऱ्या नावाने चित्र वाचून पाहा. तुटक्या हाताचं काय करायचं ते कळत नाही, तो सोडून द्यावा लागतो. सर्वात ठळक गोष्ट सोडून द्यावी लागते तिथे तो अर्थ बाद.

चरित्र उलटं लावण्याचा मोहही सांभाळायला हवा. जर्मन चित्रकार पाउला मोडरसोन-बेकरने १९०६ मध्ये पॅरिसमध्ये स्वतःला उघड्या, पुढे आलेल्या पोटावर हात ठेवून रंगवलं. १९०७ च्या नोव्हेंबरात ती बाळंत झाली आणि काही दिवसांतच गेली. त्यामुळे चित्रात मृत्यूची चाहूल पाहणारे बरेच आहेत. चित्र काढलं तेव्हा ती गरोदर नव्हती, आणि पुढे काय होणार हे तिला कसं माहीत असणार? चित्रात दिसते ती नजर भिडवून उभी असलेली, स्वतःकडे कुतूहलाने पाहणारी बाई. नंतर घडलेलं आधीच्या चित्रात घालू नये.

कुणाचं खरं धरायचं, या प्रश्नाचं व्यवहारी उत्तर असं: पुराव्याची उतरंड लावा. वर कॅनव्हास आणि एक्स-रेमधून दिसणारे खालचे बदल, मग त्याच चित्रकाराची त्याच दोन-तीन वर्षांतली चित्रं, मग त्या काळातली पत्रं आणि मूळ नाव, आणि सर्वात खाली पुढे लिहिलेली चरित्रं व चित्रकाराने म्हातारपणी सांगितलेल्या आठवणी. नावही मूळचंच आहे का ते तपासा. ‘अ‍ॅब्सिंत’ आधी ‘कॅफेमध्ये’ अशा साध्या नावाने ओळखलं जायचं, आणि त्यासाठी बसलेली एलन आंद्रे ही नटी होती, दारुडी नव्हे.

दोन अर्थ या सगळ्यातून तरले तर दोन्ही ठेवा, पण सारख्या वजनाने नाही. ‘ऑटोमॅट’मधली बाई कुणाची तरी वाट पाहते आहे, या अर्थाला रिकामी खुर्ची आधार देते, पण दोन माणसांच्या टेबलाला दुसरी खुर्ची असतेच, आणि रिकामी बशी सांगते की तिने कुणासाठी थांबून न राहता खाऊन घेतलंय. ती नुसती बाहेरच्या थंडीत परत जायचं लांबवते आहे, या अर्थात कोट, एका हातावरचा हातमोजा, कप, बशी आणि काळी काच एवढं सगळं बसतं. लिहिताना दुसरा अर्थ पुढे ठेवावा आणि पहिला एका वाक्यात नोंदवावा. ती दुःखी का आहे, तिचं काय झालं, याला चित्रात आधार नाही, तेव्हा त्यावर लिहूच नये.